जुन्या फटफटीचा नवा धनी

मोगल अमदानींत घोड्याचा सौदा करावयास बसलेला जाणता मनुष्य प्रथम घोड्याचें तोंड उघडून दांत पाही, मग त्याला चालवून पाही आणि शेवटीं त्याच्या अंगावरचा दाग पाही. दांतांवरून वय कळे, चालीवरून खोड कळे. पण घोडा कोणाचा हें दागावरूनच कळे. अकबराच्या कारकीर्दींत मनसबदारांनीं आपल्या पदरच्या घोड्यांवर दाग उमटवून घ्यावा, आणि घोडा व स्वार या दोघांचेंहि वर्णन सरकारी दप्तरांत लिहून ठेवावें, असा दंडक होता. या वर्णनपत्रास चेहरा असें म्हणत. हजेरीच्या दिवशीं शेजाऱ्याचें तट्टू उसनें आणून उभें करण्याची कला तेव्हांहि लोकांस चांगली अवगत होती, म्हणून हा बंदोबस्त. हे नियम ज्यानें ‘आईने अकबरी’ या ग्रंथांत बारकाईनें लिहून ठेवले, तो अबुल फज्ल कांहीं काळ जालन्यास राहत होता असें गॅझेटियरकार सांगतात. आज त्याच जालन्यांत जुन्या मोटारसायकलीचा नवा धनी गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला आंकडा कागद ठेवून पेन्सिलीनें उमटवून घेतो आणि अर्जास जोडतो. घोडा गेला, लोखंड आलें. दाग आणि चेहरा मात्र राहिले.

मराठेशाहींत स्वारांचे दोन वर्ग असत. ज्याचा घोडा सरकारी पागेंतला तो बारगीर, आणि ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. शिलेदाराचा मान मोठा. पण घोडा मेला तर घोड्याबरोबर त्याची भाकरहि जाई. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागांत, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबांत, असईची लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकांत त्या दिवशींच्या तोफांची व पलटणींची मोजदाद असते. इंग्रज सेनापति वेलस्ली याचा एक घोडा गोळी लागून पडला व दुसऱ्यास भाला लागला, हेंहि लिहिलेलें असतें. शिलेदारांच्या घोड्यांस मात्र पुस्तकांत जागा नाहीं. पुढें हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची छावणी जालन्यास पडली. तिचें घोडदळ शिलेदारी पद्धतीचें होतें. स्वारानें भरती होतांना घोड्याची व सरंजामाची किंमत भरावी आणि नोकरी सोडतांना ती परत घ्यावी, अशी वहिवाट असे. त्या हक्कास असामी म्हणत. जाणाऱ्याची असामी येणाऱ्याकडे जाई आणि तिचा हिशेब दप्तरीं लिहिला जाई. दुसऱ्यानें वापरलेलें वाहन विकत घेऊन पोटाची सोय करणें ही गोष्ट या मुलखांत आजची नव्हे.

यंत्राच्या घोड्याचा जन्म १८८५ सालचा. जर्मनींत गॉटलिब डायम्लर यानें लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें इंजिन बसविलें आणि तोल सांभाळण्यासाठीं बाजूस दोन लहान चाकें लावलीं, लहान मुलाच्या सायकलीस लावतात तशीं. पुढच्या पन्नास वर्षांत हें वाहन जगभर पसरलें. मराठी माणसानें त्याचें बारसें त्याच्या आवाजावरून केलें आणि त्यास फटफटी म्हटलें. निजामी राज्यांतील जालन्यास ही फटफटी क्वचितच दिसे. ‘जालना, सोनेका पालना’ अशी म्हण असलेलें हें व्यापारी गांव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मीटर गेज रेल्वेवरचें एक मोठें ठाणें. १९३२ पासून निजाम सरकारच्या रेल्वेखात्यानें मोटारबसहि सुरू केल्या. रेल्वे आणि बस या दोहोंपासून जें खेडें दूर, त्याचा प्रवास बैलगाडीनें, घोड्यावरून किंवा पायीं चाले.

दुसरें महायुद्ध १९४५ मध्यें संपलें तेव्हां लष्कराजवळ उरलेलीं वाहनें ‘डिस्पोजल’ या नांवाखालीं विक्रीस निघालीं. देशांत पुष्कळांनीं पाहिलेली पहिली स्वस्त फटफटी ही अशी, दुसऱ्याची वापरलेली, खाकी रंगाची होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें. त्यानंतर थोड्याच काळांत भारतीय लष्करानें गस्तीसाठीं एनफील्ड कंपनीची ‘बुलेट’ पसंत केली आणि १९५५ मध्यें ती मद्रास येथें तयार होऊं लागली. पाठोपाठ म्हैसूरची ‘जावा’ आली, जिची किक मारावयाची दांडी पुढें वळवली कीं तीच गिअरची दांडी होई. १९७३ पासून तीच गाडी ‘येझदी’ म्हणून विकली जाऊं लागली. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनें पोलंडमधील नमुन्यावरून ‘राजदूत’ काढली. ती दणकट, साधी, कच्च्या रस्त्यास न डगमगणारी होती, आणि म्हणून खेड्यापाड्यांत तिचें चांगलें जमलें. १९७२ मध्यें फिरोदिया यांच्या कायनेटिक कंपनीची ‘लुना’ आली. तिला सायकलीसारखीं पायडलें होतीं. पेट्रोल संपलें तर मालकाचे पाय होतेच.

त्या काळांत वाहन निवडण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. मिळेल तें घ्यावें लागे. स्कूटरच्या वांटपावर व विक्रीवर १९६० पासून सरकारी नियंत्रण होतें. बजाजच्या स्कूटरसाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत. मुलाच्या बारशाच्या दिवशीं नांव नोंदवावें म्हणजे त्याच्या लग्नांत गाडी येते, अशी थट्टा चाले. व्यवहाराचा नेहमींचा नियम येथें उलटा झाला होता. वापरलेली गाडी नव्याहून स्वस्त असावयाची, ती महाग झाली. कारण जुनी गाडी आज मिळे आणि नवी दहा वर्षांनीं. जुन्या गाडीचा गुणदोष कोण पाहतो? ती हातीं लागली हेंच भाग्य मानावयाचें. आजहि कांहीं वडीलधारी मंडळी जुनी गाडी घेतांना घासाघीस करावयास संकोचतात, त्याचें मूळ बहुधा त्या दुष्काळाच्या संवयींत असावें.

१ मे १९८१ रोजीं औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील तालुके घेऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच सुमारास सरकारनें १०० सी.सी. पर्यंतच्या दुचाक्यांसाठीं परदेशी कंपन्यांशीं सहकार्यास मुभा दिली. आज शंभर सी.सी. ची गाडी म्हणजे जणूं निसर्गाचा नियम वाटतो; वस्तुतः तो त्या एका सरकारी मर्यादेचा परिणाम आहे. १९८४ ते १९८६ या काळांत टी.व्ही.एस. सुझुकी, हिरो होंडा, एस्कॉर्ट्स यामाहा आणि बजाज कावासाकी अशा चार जोड्या बाजारांत उतरल्या. त्यांपैकीं तीन जोड्यांचीं इंजिनें टू-स्ट्रोक होतीं, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलहि जाळणारीं. हिरो होंडाची १९८५ सालची ‘सी.डी. १००’ तेवढी फोर-स्ट्रोक. तिला जोर कमी होता, आवाज कमी होता, धूर तर नव्हताच. पण एका लिटरांत ८० किलोमीटर जाते असें कंपनी सांगे. ऐंशी नाहीं तरी साठ-पासष्ट ती देई, आणि तेवढें पुरे होतें. १९८५ मध्येंच औरंगाबादजवळ वाळूज येथें बजाजचा कारखाना उभा राहिला. जालन्यापासून फार दूर नव्हे अशा ठिकाणीं दुचाक्या तयार होऊं लागल्या आणि परिसरांत त्या दुरुस्त करूं शकणारे हात वाढले. १९९४ मध्यें ‘स्प्लेंडर’ आली, २००१ मध्यें ‘पल्सर’ आली, आणि जालना जिल्ह्यांतील घोड्याचा उरलासुरला संबंध लग्नाच्या वरातीपुरता राहिला.

या जिल्ह्याची घडणच अशी आहे कीं येथें दुचाकीवांचून चालत नाहीं. जालना शहरांत लोखंडी सळयांचे कारखाने आहेत; १९६४ मध्यें बद्रीनारायण बारवाले यांनीं स्थापलेल्या महिको कंपनीपासून येथें बियाण्यांचा धंदा वाढला; मोसंबीच्या बागा अंबड-घनसावंगीकडे पसरल्या आहेत. शिक्षक शहरांत राहतो आणि त्याची शाळा मंठ्याच्या पलीकडे असते. बियाणें कंपनीचा मनुष्य दिवसभर बांधाबांधानें फिरतो. दूधवाला परतूरच्या वाटेवर पहाटे निघतो. यांपैकीं प्रत्येकास नवी गाडी परवडते असें नाहीं. म्हणून गाडी पायरीपायरीनें खालीं येते. नोकरदारानें पांच वर्षें जपून वापरलेली गाडी तालुक्याच्या दुकानदाराकडे जाते, तेथून खेड्यांतील शेतकऱ्याच्या मुलाकडे, आणि शेवटीं तिच्या दोहों बाजूंस दुधाचे कॅन लटकतात. यांतील प्रत्येक पायरीवर एक सौदा होतो, आणि प्रत्येक सौद्यांत कोणीतरी कांहींतरी झांकलेलें असतें.

जुनी गाडी घेणाराची पहिली चूक घराबाहेर पडण्यापूर्वींच होते. आठवड्यांतील सहा दिवस नोकरीचे आणि एक दिवस हौसेचा. गाडी मात्र पुष्कळदां त्या एका दिवसाकडे पाहून पसंत केली जाते. रविवारीं राजूरच्या गणपतीस जावें, अंबडच्या मत्स्योदरीस जावें, समर्थांच्या जांबेस जावें, सिल्लोडवरून अजिंठा गांठावें, मंठ्यावरून लोणारचें विवर पाहावें, ही हौस कोणास नसते? आणि मग डोळ्यांपुढें बुलेट उभी राहते, किंवा १९९६ मध्यें जिचें उत्पादन थांबलें ती ‘आर.एक्स. १००’ उभी राहते, जी आज आपल्या मूळ किंमतीहून महाग विकली जाते. येथें थोडें पाटीगणित करणें बरें. जालन्याहून छत्रपति संभाजीनगरास रोज जाऊन येणें म्हणजे १२० किलोमीटर. लिटरास ६० किलोमीटर देणाऱ्या गाडीस दोन लिटर पेट्रोल लागेल, लिटरास ३० देणाऱ्या जुन्या बुलेटला चार. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर फरक ५० लिटरांचा. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर गेलेलें आहे. म्हणजे महिन्यास ५,००० आणि वर्षास ६०,००० रुपये केवळ आवाजाचे. तेवढ्या पैशांत बऱ्यापैकीं दुसरी एक गाडी येते. ज्यास जोडीदारासह लांबचा पल्ला वारंवार मारावयाचा आहे त्यानें १०० ऐवजीं १२५ सी.सी. ची गाडी पाहावी. दौलताबादवरून वेरुळास जातांना घाटांत तिची छाती भरून येत नाहीं आणि पेट्रोलहि फारसें अधिक जात नाहीं. समृद्धि महामार्गाचें स्वप्न मात्र कोणीं पाहूं नये. तो जालन्यावरून जातो खरा, पण त्यावर दुचाकीस प्रवेश नाहीं.

गाडीचें नांव ठरल्यावर खुद्द गाडीकडे यावें. ती पाहावयास सकाळीं जावें आणि येतों म्हणून फार आधीं कळवूं नये. कारण चतुर विक्रेता गाडी तापवून ठेवतो आणि तापलेलें इंजिन पुष्कळ दोष पोटांत घालतें. गेल्याबरोबर इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवावा. तो कोमट लागला तर घरच्यांनीं केलेला चहा घ्यावा आणि तासभर गप्पा माराव्यात. मग थंड इंजिनास किक मारावी. पहिल्या-दुसऱ्या किकेस गाडी सुरू झाली, चोक काढल्यावरहि सावकाश एका लयींत चालत राहिली, तर निम्मी परीक्षा झाली. धूर पाहण्यासाठीं मागें उभें राहावें. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतें आहे. पिस्टनच्या रिंगा व बोअर झिजले, आणि मिस्त्री इंजिन उघडल्याखेरीज राहत नाहीं. काळा धूर दिसला तर फार घाबरूं नये; पेट्रोल अधिक जातें आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि हवेचा फिल्टर व कार्बोरेटर साफ केल्यानें तो बहुधा जातो. डाव्या-उजव्या कानांनीं आलटून पालटून ऐकावें. टायमिंग चेन सैल असेल तर डब्यांत खडे हलवावे तसा आवाज येतो.

घोड्याचे दांत पाहत, तसे येथेंहि दांत पाहावयाचे असतात. चेनस्प्रॉकेटचे दांत वाघनखांसारखे एका बाजूस वाकलेले असले तर गाडीनें पुष्कळ चाकरी केली आहे. मग मीटरवर आंकडा कांहींहि असो! मीटर ही विकणाऱ्याची साक्ष आहे, आणि ती फिरवितां येते. फूटरेस्टचें रबर, ब्रेकचें पेडल, हँडलच्या मुठी आणि बैठकीची शिवण या तटस्थ साक्षी आहेत. पंधरा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या पेडलावरचे खांचे गुळगुळीत झालेले नसतात. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढचें चाक अधांतरीं ठेवावें आणि हँडल अगदीं सावकाश फिरवावें. मध्यावर तें किंचित् अडकलें तर कोनसेट गेला असें समजावें. मागचें चाक दोन्ही हातांनीं आडवें हलवावें. खेळ असेल तर स्विंग आर्मचे बुश गेलेले आहेत. हे दोष कांहींशा खर्चानें निघतात, म्हणून त्यांवर किंमत उतरवावी. त्यांपायीं गाडी सोडूं नये. सोडावी ती वाकलेल्या सांगाड्याची. गाडीच्या दहा पावलें मागें बसून दोन्ही चाकें एका रेषेंत आहेत कीं नाहींत तें पाहावें. हँडलखालच्या नळीजवळ वेल्डिंगची शिवण किंवा एकाच जागीं ताजा रंग दिसला, कीं धन्यवाद देऊन निघावें. अशी गाडी रविवारच्या प्रवासास तर नकोच, पण रोज सकाळीं शाळेस जाणाऱ्या मनुष्यासहि नको.

अलीकडच्या गाड्यांविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाक्यांस ब्रेकची सुधारलेली रचना सक्तीची झाली, १२५ सी.सी. पर्यंतच्या गाड्यांत एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांवर जोर विभागला जातो. भिजलेल्या रस्त्यावर याचा उपयोग मोठा आहे आणि त्यासाठीं थोडे पैसे अधिक मोजणें योग्य. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटर जाऊन बहुतेक गाड्यांत पेट्रोल यंत्रानें फवारलें जाऊं लागलें. कार्बोरेटर हें झाडाखालीं बसलेला मिस्त्रीहि उघडून फुंकून साफ करतो. फवाऱ्याचा दोष शोधावयास संगणकाचें यंत्र लागतें. ज्याची नोकरी जाफराबाद-मंठ्याच्या आडवाटेवर आहे त्यानें हा फरक विसरूं नये. जी गाडी शेजारच्या गांवचा मिस्त्री दुरुस्त करूं शकत नाहीं, ती किंमतीनें स्वस्त असली तरी महाग पडते. उलट फार जुनीहि नको. नोंदणीस पंधरा वर्षें झालीं कीं फेरनोंदणी व पर्यावरण-कर पुढें उभे राहतात. शिवाय आतां पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वॉशर त्यासाठीं केलेले नसतात.

येथपर्यंतचें सर्व कांहीं चांगला मिस्त्री सोबत नेला तर तो सांगतो. यापुढचें मिस्त्री सांगत नाहीं.

खेडोपाडीं जुन्या गाडीचा सौदा कसा होतो हें सर्वांस ठाऊक आहे. पैसे मोजले जातात. विकणारा दोन कोऱ्या छापील कागदांवर सह्या करून देतो. किल्ली हातीं पडते. सह्या केलेले कागद नव्या धन्याच्या कपाटांत जातात आणि कार्यालयांत जावयास त्यास सवड होत नाहीं. दोन वर्षांनीं तोहि गाडी विकतो आणि तेच कोरे कागद पुढच्याच्या हातीं ठेवतो. गाडीस तिसरा-चौथा धनी मिळतो. दप्तरीं नांव पहिल्याचेंच. पहिला धनी समजतो कीं आपला संबंध संपला. शेवटचा समजतो कीं गाडी आपली झाली. कायद्याच्या दृष्टीनें दोघेहि चुकतात. मोटार वाहन कायदा, १९८८ यांत धनी या शब्दाची व्याख्याच अशी आहे कीं ज्याच्या नांवावर वाहनाची नोंद तो धनी. कर्जाचा बोजा असल्यास निराळे नियम आहेत, पण मूळ सूत्र हेंच. घोडा कोण हांकतो हा प्रश्न नाहीं, चेहरा कोणाचा लिहिला आहे हा प्रश्न आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिलेला एक निकाल या बाबतींत प्रत्येक घरांत माहीत असावयास हवा. गोष्ट एका मोटारीची. नोंदलेल्या धन्यानें ती २००७ मध्यें विकली. घेणाऱ्यानें दुसऱ्यास विकली, दुसऱ्यानें पुढें विकली. नोंदणींत मात्र पहिलें नांव तसेंच राहिलें. २००९ मध्यें त्या मोटारीखालीं एक जीव गेला. भरपाई कोणीं द्यावयाची? गाडी विकून दोन वर्षें झालीं होतीं असें पहिल्या धन्याचें म्हणणें, आणि व्यवहाराच्या भाषेंत तें खोटें नव्हतें. न्यायालयानें सांगितलें कीं नोंदणींत ज्याचें नांव तोच कायद्याच्या दृष्टीनें धनी आणि भरपाईची जबाबदारी त्याची. ज्याच्या घरचें मनुष्य गेलें त्यानें गाडी कोणाकडून कोणाकडे गेली या साखळीचा माग काढीत हिंडावें, अशी कायद्याची अपेक्षा नाहीं. निकाल कठोर वाटतो. ज्यानें दहा-वीस हजार घेऊन आपली जुनी गाडी गरजू माणसास दिली, त्याच्यावर वर्षांनंतर लाखों रुपयांचा बोजा यावा, हें मनास टोंचतें. पण रस्त्याच्या कडेला पडलेल्या मनुष्याच्या बाजूनें पाहिलें तर दुसरा न्याय कोणता करावयाचा होता?

म्हणून गाडीच्या परीक्षेइतकाच वेळ कागदांस द्यावा. नोंदणीपत्रावरचा चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरच्या आंकड्यांशीं स्वतःच्या डोळ्यांनीं ताडून पाहावा. आंकडा खरडलेला किंवा पुन्हां ठोकलेला दिसला तर गाडी चोरीची असण्याचा संशय धरावा. जालना जिल्ह्याची खूण एम.एच. २१, दुसऱ्या कार्यालयाची गाडी असेल तर तिचीं कागदपत्रें अधिक काळजीनें पाहावीं. परिवहन खात्याच्या संगणकावर गाडीचा क्रमांक घातला कीं नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. थकलेला दंडहि तसाच पाहतां येतो. कर्ज फिटलें असें विक्रेता तोंडानें सांगेल. बँकेचें पत्र व नमुना ३५ हातीं आल्याखेरीज तें फिटलें असें मानूं नये. १ एप्रिल २०१९ पूर्वींच्या गाड्यांसहि महाराष्ट्रांत उच्च सुरक्षा नंबरपाटी सक्तीची झाली आहे; ती बसविलेली नसेल तर तिचाहि खर्च किंमतींतून वजा करावा.

विकणाऱ्यानें नमुना २९ भरून चौदा दिवसांच्या आंत कार्यालयास कळवावें, आणि घेणाऱ्यानें नमुना ३० भरून तीस दिवसांच्या आंत आपलें नांव लावून घ्यावें, असा कायदा आहे. विम्याच्या कागदावरहि नांव बदलून घेण्यासाठीं चौदा दिवसांची मुदत आहे. गाडीचा धनी वारला असेल तर त्याच्या वारसानें आधीं नमुना ३१ भरून गाडी आपल्या नांवावर करून घ्यावी आणि मगच ती विकावी. वडिलांच्या नांवावरची गाडी मुलगा विकतो, वडील जाऊन चार वर्षें झालेलीं असतात, आणि घेणारा भिडेखातर कांहीं विचारीत नाहीं. ही भीड महागांत पडते; मृताची सही कोठून आणावयाची? कोऱ्या कागदावर सही घेणें किंवा देणें हें तर दोघांनींहि टाळावें. सह्या करतांना तारीख, घेणाऱ्याचें नांव व किंमत लिहिलेली असावी, आणि गाडी ताब्यांत दिल्याची वेळहि एका चिठ्ठीवर नमूद असावी, कारण त्याच संध्याकाळीं चौकांत काय घडेल हें सांगतां येत नाहीं.

खेड्यांतल्या विक्रेत्यास कार्यालयाची खेप जड वाटते. दिवसाची मजुरी बुडते, एस.टी. चें भाडें पडतें, रांगेंत उभें राहावें लागतें. म्हणून तो कोरी सही देऊन मोकळा होऊं पाहतो. घेणाऱ्यानें त्या दिवसाची त्याची मजुरी व भाडें आपल्याकडून द्यावें, दुपारीं त्यास सोबत जेवावयास न्यावें, आणि अर्ज दाखल झाल्याची पावती दोघांनींहि एकेक खिशांत घालून मग गाडीस किक मारावी.